आगोटीचे डबे

आई, गेल्या महिन्यात माझ्या हातची खीर खाऊन माझी नात दवाखान्यात पोचली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझं नमनालाच घडाभर तेल जायचं. नात आता बरी आहे. खेळते, हसते, भांडते. आता घाबरायचं काही कारण नाही असं सगळे म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातं? मी सकाळी चहाला आधण ठेवते, साखरेच्या डब्याकडे हात जातो आणि तिथेच थांबतो. साखर खराब होत नाही हे मलाही कळतं, पण हाताला कळत नाही. तू गेलीस तेव्हा माझी मुलगी माझ्या पोटात होती. तिला तू पाहिलं नाहीस, मग तिच्या मुलीला कुठून पाहणार. तरी हे तुलाच सांगायचंय, कारण घर भरून ठेवायला मी तुझ्याकडून शिकले. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, वेडी झाली बाई.

आपण आगोट भरायचो ते दिवस आठवतात. पावसाचे चार महिने पुरेल एवढं सगळं मे महिन्यात घरात आलं पाहिजे, हा तुझा हट्ट. तांदूळ, वाल, कांदे, हळद, मिरच्या, सुके बोंबील, सुकट, खडेमीठ, सरपण. गिरीज गावातल्या आपल्या वाडीतली केळी आणि वांगी टोपलीत घालून तू पापडी गावच्या बाजाराला जायचीस आणि मी तुझ्या पदराला धरून मागे. तुझा माल सकाळीच विकून व्हायचा, पण तू विकत काही घ्यायची नाहीस. बाजारभर नुसती फिरायचीस, भाव विचारायचीस, नाक मुरडायचीस. ऊन माथ्यावर यायचं, मला भूक लागायची, मी रडकुंडीला यायचे. तू म्हणायचीस, "थांब गं जरा. आता त्याला घरी जायची घाई हाय, आपल्याला नाय." मग बाजार उठायला लागला की तू एकदम पदर खोचून पुढे व्हायचीस आणि अर्ध्या भावात कांद्याचं पोतं उचलायचीस, वर मूठभर लसूण मागून घ्यायचीस. उठत्या बाजाराला तुझ्यासारखं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही. घरी आल्यावर मडकी, बरण्या, पत्र्याचे डबे सगळे रिकामे करून, घासून, अंगणात उन्हात पालथे. वालाला राख चोळायची, तांदळात कडुनिंबाचा पाला घालायचा. सगळं भरून झालं की तू ओट्यावर पाय पसरून बसायचीस. वर्षातून तेवढं एकदाच तुला पाय पसरलेलं पाहिलंय मी.

आता माझं ऐक. इथे आता पाऊस असो नसो, दुकान बारा महिने उघडं असतं. माणिकपूरला माझ्या घराखालीच तीन दुकानं आहेत, आणि फोनवरून मागवलं तर माणूस दारात आणून देतो. मग आगोट भरायची गरज काय, असं तू विचारशील. लॉकडाऊन लागला तेव्हा पहिल्याच दिवशी खालच्या दुकानातलं पीठ संपलं. फळ्या रिकाम्या पाहिल्या आणि मी तशीच पुढच्या दुकानाकडे धावले, तिथेही तेच. त्यातच तुझ्या जावयाचा स्टेशनच्या पूर्वेकडचा कारखान्याचा गाळा बंद पडला. त्यात दोन लेथ मशिनं होती, ती विकली. तेव्हापासून मी या नादाला लागले. नाद कसला, व्यसनच म्हण. एक वस्तू सेलमध्ये आली की लगेच घ्यायची नाही, हे तुझंच. थांबायचं. मग दुकानाचं कूपन येतं, ते त्याच्यावर लावायचं. मग बँकेच्या कार्डावर सूट असते, ती त्याच्यावर. पैसे भरले की थोडे परत येतात, त्याला कॅशबॅक म्हणतात. आणि काही काही पाकिटांच्या आतल्या बाजूला नंबर छापलेला असतो. पाकीट कापून, त्या नंबराचा फोटो काढून कंपनीला पाठवला की आणखी थोडे परत. एक तेलाचा डबा मी अशा चार सवलती एकावर एक चढवून आणला तेव्हा तुझ्या जावयाने मला हात जोडले. म्हणाले, "आता त्यांनाच विचार, डबा घेऊन जाते, वर बसभाडं किती देताय?"

आमच्या सोसायटीतल्या बायका मला ऑफरवाली काकू म्हणतात. कुणाला काही घ्यायचं असलं की माझं दार वाजवतात. काकू, साबण कुठे स्वस्त? काकू, हे कूपन चालत का नाही? मी पण मिरवायचे. खोटं कशाला बोलू, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विचारायला येत होतं. माळा भरला, पलंगाखालची जागा भरली, मुलीच्या खोलीतलं तिचं पुस्तकांचं कपाटसुद्धा भरलं. आणि आलेला माल पाकिटात ठेवायचा नाही, डब्यात ओतायचा, ही आपल्या घरची रीत. पाकिटातला जिन्नस मला अजून दुकानदाराचाच वाटतो. डब्यात पडला की आपला. शिवाय पैसे परत मिळायला पाकीट कापायचंच असायचं. कापलं, फोटो काढला, ओतलं, पाकीट कचऱ्यात. डबा अर्धा असेल तर जुन्यावर नवं. त्या पाकिटावर मागच्या बाजूला एक तारीख छापलेली असते, आई. कधीपर्यंत खायचं त्याची. तीही पाकिटाबरोबर कचऱ्यात जात होती आणि मी फोटो काढत बसले होते. त्यात सगळ्यात मोठी सूट कशावर असते, माहितेय? ज्याची ती तारीख जवळ आलेली असते त्याच्यावर.

माझी मुलगी विरारला राहते, नोकरीला अंधेरीला जाते. तिचा नवरा महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. म्हणून नात दिवसभर माझ्याकडे असायची. चार वर्षांची आहे. तिला भात कालवून दिला की आधी पापड कुठाय विचारते. हे कुणावर गेलंय ते तुला सांगायला नको. त्या दिवशी पाऊस सकाळपासून कोसळत होता, रस्त्यावर गुडघाभर पाणी, दूधवाला आला नाही. पोरीने खिरीचा धोशा लावला. तुझे जावई म्हणाले, आज दूध नाही बाळा. आणि मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. म्हटलं, माझ्या घरात नाही असं व्हायचंच नाही. माळ्यावरून दुधाच्या पावडरीचा डबा काढला. वरची पावडर पांढरी होती. खाली चमचा गेला तसे पिवळट खडे लागायला लागले. मी ते चमच्याने फोडले. थोडा वास येत होता, कोंदट, बंद कपाटासारखा. मी वेलची जरा जास्त घातली. हे मी मुलीला सांगितलंय, डॉक्टरला सांगितलंय, आता तुला सांगते. मला वास आला होता आणि मी वेलची घातली. तुझ्या जावयाला गोड चालत नाही आणि माझा उपवास होता. वाटीभर खीर एकट्या पोरीनेच खाल्ली. वाटी चाटून पुसून दिली मला.

दोन तासांत सुरू झालं. उलट्या, मग जुलाब, मग नुसतं पित्त. पोर आधी रडत होती, मग रडायचीही थांबली. ती रडायची थांबली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. रिक्षावाला पाण्यातून यायला तयार होईना. तुझ्या जावयाने तिला खांद्यावर टाकलं आणि आम्ही त्या पाण्यातून चालत निघालो. मी मागून तिची पावलं हातात धरून चालत होते, गार पडली होती ती. वाटेत चर्च लागलं, देऊळ लागलं, मी दोन्हीकडे हात जोडले. मुलगी अंधेरीहून परस्पर दवाखान्यात आली, ओलीचिंब. डॉक्टर तरुण बाई होती. तिने विचारलं, काय खाल्लं होतं? मुलगी म्हणाली, "काल सोसायटीत बर्थडे होता डॉक्टर, तिथला केक असेल." तुझ्या जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खीर. मी केलेली." दूध कुठलं? पावडरचं. पावडर कधीची होती? आणि आई, मला सांगता येईना. दिवाळीच्या सेलमधली, का त्याच्या आधीची, का त्याच्यावर ओतलेली जानेवारीतली? डॉक्टर म्हणाली, पाकीट असेल तर घेऊन या. मी म्हटलं, पाकीट नाही. ती लिहायला लागली. माझी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पोरीच्या त्या एवढ्याशा हाताला सुई लावली. पट्टीने हात फळकुटाला बांधला. मी पायाशी स्टुलावर बसले होते, आणि तिथे मला तो दिवस आठवला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, वाडीत पाणी भरलेलं, बाबा तापाने फणफणलेले. तू वालाचं मडकं फोडलंस, वाल भिजवलेस, शिजायला टाकलेस. आम्ही भावंडं चुलीभोवती ताटल्या घेऊन बसलो होतो. झाकण काढलंस, कुबट वास आला आणि तू तशीच उभी राहिलीस. मग पदराने टोप उचललास आणि भर पावसात परसात गेलीस. बाबा आतून ओरडले, "अगं, धुऊन घे, परत शिजव, पोरं उपाशी हायेत." तू म्हणालीस, "वाल गेले तं गेले." तू खड्डा करून ते सगळं पुरलंस, वर माती ओढलीस, कोंबड्यांनीही खाऊ नये म्हणून. मी मागून धावत आले होते. टोपाच्या तळाला चिकटलेले मूठभर वाल मी उचलले आणि तोंडाकडे नेले. तू माझ्या मुस्काटात एवढ्या जोरात लगावलीस की वाल चिखलात पडले. आणि ओरडलीस, "मेलीस तं कोन देनार मला दुसरी?" मग मला कवटाळलंस. त्या संध्याकाळी आम्ही मीठ घालून नुसती पेज प्यायलो.

मला त्या दिवसाची भूक लक्षात राहिली, आई. आणि ती थप्पड. तू बोललेलं मात्र इतकी वर्षं आठवलंच नव्हतं. तुझ्यावर कितीतरी दिवस राग होता माझा. एवढं अन्न मातीत घातलं, कसली ही आई! मी ठरवलं होतं की माझ्या घरात असा दिवस येऊ द्यायचा नाही. घर कसं भरायचं ते तुझ्याकडून बरोबर उचललं. टाकून कसं द्यायचं ते शिकलेच नाही. तिकडे स्टुलावर बसून मी तोंडातल्या तोंडात तुझंच वाक्य म्हणत होते, कोन देनार मला दुसरी, कोन देनार, आणि माझी मुलगी समोर बसून तिच्या लेकीच्या कपाळावरून हात फिरवत होती. तिने मला पुटपुटताना पाहिलं. तिला वाटलं मी जप करतेय.

तिसऱ्या दिवशी पोर उठून बसली आणि बिस्कीट मागितलं. घरी सोडलं. दुसऱ्याच दिवशी मुलगी रजा टाकून आमच्याकडे आली आणि तिने एकेक डबा खाली काढायला सुरुवात केली. "मम्मी, हे कधीचं?" माहीत नाही. "हे?" माहीत नाही गं. "बेसन आहे का सातूचं पीठ?" मला तेही धड सांगता येईना. "तुला किती वेळा सांगितलं, आम्हाला नको स्वस्तातलं. कुणासाठी करतेस हे सगळं?" मी म्हटलं, तुमच्यासाठीच की. ती पिशवीची गाठ मारायला लागली. काळ्या पिशव्या भरून तुझे जावई खाली नेत होते, लिफ्टने खेपा चालल्या होत्या, शेजारणी दारं किलकिली करून बघत होत्या. हे म्हणाले, "लग्नात एवढा आहेर नव्हता आला आपल्याला." कुणी हसलं नाही. झाडूवाली म्हणाली, ताई, मला द्या ना, कशाला टाकता? मुलगी म्हणाली, नको मावशी, पोरं आहेत तुमच्या घरात. आणि तिने सगळ्या पिशव्या कात्रीने फाडून त्यात फिनेल ओतलं. तिला कुणी शिकवलं हे, आई? मी तर नाही. मला ते बघवलं नाही. तांदूळ, आई, तांदूळसुद्धा. संध्याकाळी रिकामे डबे गॅलरीत पालथे घातलेले पाहिले आणि मी ते पुन्हा पुन्हा मोजायला लागले. घरात दोन दिवसांचंच सामान होतं. खाली तीन दुकानं उघडी, आणि मी इकडे घाम पुसत बसलेली.

नातीला पाळणाघरात घातलं. "थोडे दिवस, मम्मी," मुलगी एवढंच म्हणाली. किती थोडे ते मी विचारलं नाही. फोनमधली सगळी दुकानं तिने काढून टाकली. मी फोन दिला तिच्या हातात. महिनाभर मी एकच गोष्ट देवाकडे मागत होते, की तिने पोरीला परत माझ्याकडे सोडावं. जेवताना मागत होते, भांडी घासताना मागत होते. बायकांनी दार वाजवलं की सांगायचे, आता मला काही माहीत नाही बाई. दुपारी घर खायला उठायचं. तुझ्या जावयाला कळत होतं. ते बिचारे पत्ते काढून बसायचे माझ्याशी खेळायला.

काल रविवारी दोघी आल्या. मी सकाळीच खाली जाऊन बिस्किटांचा पुडा आणला होता, पूर्ण किमतीला, काहीही न विचारता. पुडा न फोडता तसाच नातीच्या पुढे ठेवला. तिने हातात घेतला आणि आईकडे बघितलं. माझ्या मुलीने तो तिच्या हातातून घेतला, उलटा केला, मागची तारीख वाचली, मग फोडून दिला. मी ओटा पुसत होते. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. रागावले नाही हं मी तिच्यावर. बरोबरच केलं तिने. पण पोरीने माझ्या हातचं घेताना आईकडे बघितलं ते जिव्हारी लागलं. मग मुलगी माझ्याजवळ आली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, उद्यापासून आणू ना हिला परत? पाळणाघरात खूप रडते गं. तुझीच आठवण काढते."

महिनाभर हेच मागत होते ना? नेमका त्याच वेळी ओट्यावरचा फोन वाजला. दुकानं काढून टाकली तरी त्यांचे निरोप यायचे थांबत नाहीत. तूप, एकावर एक फुकट, फक्त आज. मी बघितलं. कार्डावर आणखी पैसे सुटतील, जुने पॉइंट आहेत ते लावले तर आणखी, दोन घेतले तर दिवाळीपर्यंत बघायला नको. एवढा हिशेब झाला माझ्या डोक्यात, आणि वर पाहिलं तर मुलगी उत्तराची वाट बघत उभी आणि नात माझ्या पायाशी आलेली, माझी साडी ओढतेय, आज्जी, आज्जी करत. कधीपासून ओढत होती कुणास ठाऊक. मला ऐकूच आलं नव्हतं. आई, माझे हातपाय गार पडले. दवाखान्यात पडले नव्हते एवढे.

मी म्हटलं, "अजून थोडे दिवस राहू दे गं तिला तिथेच. माझे गुडघे फार धरलेत. तिच्यामागे धावणं व्हायचं नाही." मुलीचा चेहरा पडला. तिला वाटलं मी रुसलेय, तारीख वाचली म्हणून. तिने माझी समजूत घालायचा प्रयत्न केला, मग म्हणाली, बरं, आधी डॉक्टरला दाखवू. जाताना नातीने लिफ्टच्या जाळीतून हात हलवला. तुझे जावई दार लावून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "सकाळी तर लिफ्ट सोडून दोन जिने चढून आलीस बिस्किटं घेऊन." मी फडकं धुवायला आत गेले. आज ते फिरायला गेलेत आणि मी हे लिहायला बसलेय. वाचायला तू नाहीस म्हणूनच एवढं लिहिता आलं. असतीस तर लिहायच्या आधीच मुस्काटात बसली असती, आणि मला ती हवी होती. मुलीने हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. गुरुवारी स्वतः येणार आहे मला न्यायला, पुन्हा रजा टाकून. माझे गुडघे ठणठणीत आहेत, आई.